साखरपुडा ठरला, आता व्हिसा कुठला?

परदेशी नागरिकाशी लग्न ठरलेल्या घरांतून पत्रं येतात, त्यांत बहुतेक वेळा एकच क्रम असतो. आधी मुहूर्त निघतो, मग कार्यालय ठरतं, पत्रिकेचा मजकूर तयार होतो, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, अरे, व्हिसाचं काय? पुण्यात वकिली करताना अशा जोडप्यांच्या कागदपत्रांत माझी बरीच वर्षं गेली. माझं ठाम म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. लग्नानंतर दोघांनी कोणत्या देशात राहायचं, हे पहिलं ठरवा. त्यावरून व्हिसा ठरतो, व्हिसावरून लग्न कुठे आणि केव्हा करायचं ते ठरतं. मुहूर्त त्यानंतर काढा. या वेळी निवडलेली सगळी पत्रं याच विषयावरची आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न : वकीलताई, मी सांगलीची, वय २७, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. माझा होणारा नवरा अमेरिकेचा नागरिक आहे, ओहायोचा, ख्रिश्चन घरातला. मागच्या दिवाळीत तो सांगलीला येऊन आईबाबांना भेटून गेला. घरच्यांना या डिसेंबरात साखरपुडा आणि लगोलग सांगलीत विधिवत लग्न उरकायचं आहे. त्याने तिकडे के-१ व्हिसाचा अर्ज भरायला घेतला आहे. न्यू जर्सीचे काका म्हणतात, तुझ्याकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे, सरळ निघून ये आणि इथेच लग्न कर, कोण विचारतंय? मी काय करू?

उत्तर : आधी काकांचा सल्ला बाजूला ठेव. विमानतळावरचा अधिकारी नक्की विचारतो. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे लग्न करून ठरल्या तारखेला परत येण्यात बेकायदा काही नाही. पण तिथेच राहायचं मनात पक्कं असताना "फिरायला आले" असं सांगणं ही अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने फसवणूक आहे, आणि तिची शिक्षा म्हणजे अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी. त्यातून सूट मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. बॅगेत लग्नाचा शालू, फोनमध्ये हॉलच्या बुकिंगचे मेसेज आणि तोंडाने "नायगारा बघायला आले", अशा अवस्थेत तुला उभं राहायला लागू नये.

आता के-१. हा व्हिसा फक्त अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त वधूला किंवा वराला मिळतो. त्याने आय-१२९एफ हा अर्ज तिकडे भरायचा. अर्ज भरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष भेटलेले असायला हवं. मागच्या दिवाळीच्या भेटीने ती अट पुरी होते, म्हणून त्याचा बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा शिक्का यांच्या प्रती जपून ठेव. अर्ज मंजूर झाला की प्रकरण मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत येतं. तिथे वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, मुलाखत. व्हिसा मिळून तू तिकडे पोचलीस की ९० दिवसांच्या आत त्याच माणसाशी लग्न करायचं. ही मुदत वाढत नाही. लग्नानंतर ग्रीन कार्डसाठी तिथून वेगळा अर्ज, आणि तो चालू असताना नोकरीचा परवाना हातात येईपर्यंत तुला घरी बसावं लागेल. प्रवासाची आगाऊ परवानगी नसताना देश सोडलास तर तो अर्जच रद्द धरला जातो. भावाचं लग्न आलं म्हणून चार दिवस सांगलीला येऊन जाऊ, असं तेव्हा चालत नाही.

तुझ्या घरच्यांच्या बेतातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. के-१ व्हिसा अविवाहितांसाठी आहे. डिसेंबरात सांगलीत अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली, सप्तपदी झाली, गळ्यात मंगळसूत्र आलं, की मुंबईतला अधिकारी म्हणणार, तुमचं तर लग्न झालंय, मग हा व्हिसा कसा मागता? आणि गंमत नाही, खरंच त्रासाची गोष्ट अशी की ते लग्न आपल्या कायद्यात टिकणारही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. त्यात बौद्ध, जैन, शीख येतात, ख्रिश्चन येत नाही. म्हणजे के-१ गमावण्याइतकं तुझं लग्न झालेलं असेल आणि पत्नी म्हणून व्हिसा मागण्याइतकं झालेलं नसेल. महापालिकेत नोंदणी केली की झालं, असं काही जण सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. मुळात जे लग्न कायद्याने होऊच शकत नाही, ते नोंदणीने वैध होत नाही.

के-१ च घ्यायचा असेल तर डिसेंबरात फक्त साखरपुडा करा, आणि तो साखरपुड्यासारखाच दिसू द्या. हल्ली साखरपुड्यातही मुंडावळ्या, हार, फेटे, सगळा थाट असतो. हौस मी समजू शकते. पण ते फोटो पुरावा म्हणून जोडले जातात आणि बघणाऱ्याला साखरपुडा आणि लग्न यांतला फरक ठाऊक नसतो. अंगठी, पेढे, साडी, दोन्हीकडची माणसं, एवढं पुरे.

माझा स्वतःचा कल तुझ्या बाबतीत दुसऱ्या वाटेकडे आहे. तुझी इथे चांगली नोकरी आहे, घरच्यांना लग्न सांगलीतच हवंय. मग विशेष विवाह कायदा, १९५४ खाली इथे रीतसर लग्न करा. त्याच दिवशी किंवा नंतर विधी करा, कुणाची ना नाही. मग त्याने तुझ्यासाठी, म्हणजे पत्नीसाठी, आय-१३० भरायचा. या वाटेलाही वेळ लागतो, वर्ष सहज जातं, अधिकही जाऊ शकतं. पण तेवढा काळ तू पुण्यात स्वतःच्या पगारावर असशील, आणि तिकडे उतरशील ती कायम रहिवासी म्हणून, पहिल्या दिवसापासून नोकरी करायला मोकळी. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पोचलीस तर कार्ड दोन वर्षांचं सशर्त मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून शर्त काढून घेण्याचा अर्ज करायचा. ती तारीख आत्ताच लिहून ठेव. नव्या संसारात ती हमखास विसरली जाते आणि मग धावपळ होते.

कुठलीही वाट धरली तरी त्याचं उत्पन्न तपासलं जाणार. ग्रीन कार्डच्या टप्प्यावर ते तिथल्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असावं लागतं. कमी पडलं तर तिथला दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हमी देऊ शकतो. काकांना काही करायची इच्छा असेल तर त्यांनी ते करावं.

प्रश्न : पुण्याच्या माझ्या मुलीचं लग्न कॅलिफोर्नियातल्या मुलाशी ठरतंय. तो ग्रीन कार्डवर आहे. तिला के-१ मिळेल का?

उत्तर : नाही. ग्रीन कार्डधारकाला वाग्दत्त वधूसाठी अर्जच करता येत नाही. लग्न आधी करावं लागेल, मग तो पत्नीसाठी आय-१३० भरेल. पण ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना दरवर्षी ठरावीक संख्येनेच व्हिसा मिळतात, त्यामुळे रांग असते. नागरिकाच्या पत्नीला अशी रांग नाही. म्हणून मुलाला एक प्रश्न जरूर विचारा : ग्रीन कार्ड मिळून किती वर्षं झाली? साधारण पाच वर्षांनी त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मध्येच तो नागरिक झाला तर तुमच्या मुलीचा आधीचा अर्जच वरच्या गटात जातो, नव्याने भरावा लागत नाही. असं विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. पगार विचारता, तसंच हे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. आमचा मुलगा नाशिकला स्वतःचा व्यवसाय करतो. त्याचं लग्न एका जर्मन मुलीशी ठरलं आहे. मुलगी फार गुणी आहे, मराठी शिकते आहे. दोघं नाशिकलाच राहणार आहेत. ती ३० दिवसांचा ऑनलाइन टुरिस्ट व्हिसा काढून येईल, आल्यावर नोटीस देऊ आणि महिन्याच्या आत रजिस्टर लग्न आणि वैदिक लग्न दोन्ही उरकू, असा बेत आहे. पुढे एक बाग सुनेच्या नावावर घ्यायचा मानस आहे. काही अडचण?

उत्तर : अडचण आहे, पण वेळेत विचारलंत. आधी दिवसांचा हिशोब बघू. विशेष विवाह कायद्याप्रमाणे ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस राहिलेला असावा लागतो. तुमचा मुलगा नाशिकचाच आहे, तेव्हा ती अट त्याच्यामुळे पुरी झाली. सुनेला त्यासाठी येऊन राहायची गरज नाही. पण नोटीस लागल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी असतात आणि ते संपल्याशिवाय लग्न लागत नाही. समजा १० जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली, तर ९ फेब्रुवारी उलटेपर्यंत थांबावं लागेल. ३० दिवसांचा व्हिसा तोवर संपलेला असेल, आणि हा ऑनलाइन व्हिसा इथे आल्यावर वाढवून मिळत नाही. त्यामुळे तिने वर्षभराचा ई-टुरिस्ट व्हिसा काढावा. जर्मन नागरिकाला त्यावर सलग ९० दिवसांपर्यंत राहता येतं. दुसरा मार्ग म्हणजे दोनदा यायचं, एकदा नोटिशीला, एकदा लग्नाला. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात. मुलीने जर्मनीत स्वतःच्या गावच्या नोंदणी कार्यालयातून विवाहक्षमतेचा दाखला आणायचा, म्हणजे ती लग्नाला कायद्याने मोकळी आहे असा. तो सहा महिनेच चालतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नका. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा, आणि सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी किंवा मराठी भाषांतर. मुलाने एक दिवस काढून विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जावं आणि परदेशी वधूसाठी काय काय लागतं, तिने नोटिशीच्या दिवशी स्वतः हजर असायला हवं का, ते तिथेच समक्ष विचारून यावं. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. वैदिक विधी रजिस्टर लग्नानंतर कुठल्याही मुहूर्तावर करा, पण आधी नको.

लग्नानंतर ती टुरिस्ट व्हिसावर तशीच राहू शकत नाही. भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून तिला एंट्री व्हिसात बदल करून घ्यावा लागेल, तो अर्ज परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर होतो. शिवाय ती तुमच्या घरी उतरली की २४ तासांच्या आत तुम्ही, म्हणजे यजमानाने, तिच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन कळवायची आहे. आपलीच सून, तिची कसली वर्दी, असं गावाकडे म्हणतात. पण पुढे दर वेळी अर्ज करताना हाच कागद मागतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून भरत जा.

लग्नाची नोंदणी होऊन ते दोन वर्षं टिकलं की तिला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येईल. मग व्हिसाची कटकट संपते, नोकरीही करता येते. तिचे आईवडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर हे कार्ड मिळत नाही. घटस्फोट झाला तर कार्ड जातं. भारतीय नागरिकत्व हवं असेल तर इथे सात वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो, पण मग जर्मन नागरिकत्वाचं काय, हे तिने तिकडे विचारून घ्यावं.

आणि बाग. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. शहरातलं घर, दुकान घेता येतं. तेव्हा दिंडोरीची बाग सुनेच्या नावावर घ्यायचा बेत सोडा. त्याहून महत्त्वाचं असं की हिंदू मुलाने ख्रिश्चन मुलीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की कलम १९ प्रमाणे तो एकत्र हिंदू कुटुंबातून विभक्त झाला असं कायदा धरतो, आणि त्याच्या मालमत्तेचा वारसा पुढे भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे चालतो. त्याचा हक्क बुडत नाही, गैरसमज नको. पण तुमची जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर लग्नाआधी वाटणीबद्दल भावाभावांनी बसून बोलून घ्या. तुमच्या पत्रात सुनेविषयी जो जिव्हाळा आहे तो वाचून मला बरं वाटलं. तिच्यासाठी काही करायचं असेल तर मृत्युपत्र आणि नाशिकमधलं घर, या दोन गोष्टींचा विचार करा.

प्रश्न : आम्ही गोव्यातले, पेडण्याचे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मडगावच्या मुलाशी ठरलंय. आजोबांमुळे त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, २०१७ पासून तो इंग्लंडात स्विंडनला असतो, गोदामात कामाला आहे, तिथलं सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, आहे. पगार वर्षाला २६,००० पौंड. त्यांची ओळख २०२३ ची. आमच्या ओळखीत काही मुली युरोपियन पासपोर्टवाल्या नवऱ्यामागून फारशी कटकट न होता गेल्या. बहिणीला तसंच जाता येईल ना?

उत्तर : तुमच्या ओळखीतल्या मुली गेल्या त्या जुन्या नियमांनी. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि युरोपीय नागरिकांच्या जोडीदारांसाठीची ती सवलतीची योजना आता ज्यांचं नातं ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं होतं त्यांच्यापुरती राहिली. तुमच्या बहिणीचं नातं २०२३ चं, म्हणून तिला ब्रिटिश नागरिकाच्या पत्नीला लागू होतात तेच नियम. मुलाचं सेटल्ड स्टेटस इथे उपयोगी पडतं, त्याच्या जोरावर तो तिला बोलावू शकतो.

दोन वाटा आहेत. वाग्दत्त वधूचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो. त्यात लग्न करायचं, नोकरी करता येत नाही, आणि लग्नानंतर तिथे पुन्हा फी भरून अडीच वर्षांची परवानगी घ्यायची. कायमच्या वास्तव्यासाठी जी पाच वर्षं मोजतात त्यात हे सहा महिने धरत नाहीत. त्यापेक्षा गोव्यात लग्न करून पत्नीच्या व्हिसावर जाणं मला शहाणपणाचं वाटतं. तो ३३ महिन्यांचा असतो आणि पोचल्यापासून काम करता येतं.

अडचण पगाराची आहे. ११ एप्रिल २०२४ पासून उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंड झाली, त्याआधी ती १८,६०० होती. बहिणीचा इथला पगार त्यात धरत नाहीत. तुमच्या भावोजींना ३,००० पौंड कमी पडतात. ओव्हरटाइम पगारपत्रकात दिसत असेल तर तो धरला जातो, दुसरी नोकरीही चालते. तेही जमत नसेल तर बचत दाखवता येते. तिचा हिशोब असा : कमी पडणाऱ्या रकमेची अडीचपट, अधिक १६,००० पौंड. म्हणजे ७,५०० अधिक १६,०००, एकूण २३,५०० पौंड. ही रक्कम दोघांपैकी कुणाच्याही किंवा दोघांच्या नावे निदान सहा महिने खात्यात असावी लागते. आईवडिलांनी दिलेली चालते, पण ती खरोखर त्यांची झालेली हवी, उसनी नको. तुम्ही बहिणीसाठी काही ठेव मोडणार असाल तर आजच मोडा, कारण सहा महिने त्या दिवसापासून मोजतात.

याखेरीज क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला, इंग्रजीची ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा, आणि फीच्या वर आरोग्य अधिभार, जो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि सगळा आगाऊ भरावा लागतो. हा खर्च लग्नाच्या जेवणावळीआधी बाजूला काढा.

गोव्यातली पद्धत तुम्हाला माहीत आहेच, तरी सांगते. सिव्हिल रजिस्ट्रारकडची पहिली सही म्हणजे लग्नाचा इरादा. दुसरी सही होऊन दाखला हातात येईपर्यंत लग्न झालेलं नसतं. पहिल्या सहीनंतर मुलगा रजा संपली म्हणून परत गेला आणि सगळं लांबणीवर पडलं, हे बार्देशात आणि सालसेतमध्ये सर्रास घडतं. दोन्ही सह्या एकाच मुक्कामात बसतील इतकी रजा त्याने काढावी. पोर्तुगीज नागरिक म्हणून त्याला हे लग्न पोर्तुगालमध्येही नोंदवावं लागेल.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, तोक्योत निशी-कासाईला राहतो, इंजिनिअरच्या व्हिसावर. जपानी मुलीशी लग्न करायचं आहे. वाग्दत्त व्हिसा वगैरे काही लागतं का?

उत्तर : जपानमध्ये तसला व्हिसाच नाही, आणि तुम्ही तिथे कायदेशीर राहत असल्यामुळे तुम्हाला त्याची गरजही नाही. भारतीय दूतावासातून अविवाहित असल्याचा दाखला घ्या, त्याचं जपानी भाषांतर करा आणि वॉर्ड कार्यालयात लग्नाचा अर्ज भरा. तो स्वीकारला गेला की लग्न झालं. तिथे भटजी, मंडप, साक्षीचा अग्नी यातलं काही नसतं, म्हणून आईवडिलांना आधी समजावून सांगा, नाहीतर फोनवर ऐकून ते गोंधळतील. नंतर हवं तर जपानी नागरिकाचा जोडीदार म्हणून वास्तव्याचा दर्जा बदलून घ्या. त्यात कामाच्या प्रकाराचं बंधन राहत नाही. आणि लग्नाला तीन वर्षं, जपानात सलग वास्तव्याला एक वर्ष झालं की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. बाकीच्यांना साधारण दहा वर्षं थांबावं लागतं. लग्नाची माहिती भारतीय दूतावासालाही कळवून ठेवा.

प्रश्न : मॅडम, हे पत्र छापलं तर कृपा करून कमीत कमी तपशील द्या. मी नागपूरचा, वय ३१, पुरुष. माझा जोडीदार टोरोंटोत राहतो, कॅनडाचा नागरिक आहे, तोही पुरुष. चार वर्षं आम्ही एकमेकांबरोबर आहोत, तो तीनदा भारतात येऊन गेला. घरी माहीत नाही. भारतात आमचं लग्न होऊ शकत नाही हे मला कळतं. मग आम्ही कुठल्या नात्याने अर्ज करायचा? कुणी म्हणालं, व्हिडिओ कॉलवर ऑनलाइन लग्न लावून मिळतं. आणि हे सगळं सरकारी कागदावर लिहिलं तर मला इथे धोका आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला तो निकाल दिला. कॅनडाच्या अर्जात खरं नातं लिहिण्यात तुम्हाला कायद्याची भीती नाही. लग्नाचा हक्क मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिला नाही. मला तो निकाल वाचून फार वाईट वाटलं होतं, आणि तुमच्यासारखी पत्रं आली की अजूनही वाटतं. पण तोच निकाल तुमच्या अर्जात पुरावा म्हणून उपयोगी पडतो, कसा ते सांगते.

कॅनडात वाग्दत्त वराचा व्हिसा नाही, २००२ पासूनच्या कायद्यात तो वर्गच ठेवलेला नाही. तिथे जोडीदाराला बोलावण्याचे तीन प्रकार आहेत. विवाहित जोडीदार. वर्षभर सलग एकत्र राहिलेले जोडीदार. आणि तिसरा, ज्यांचं निदान वर्षभराचं पतिपत्नीसारखं बांधलेलं नातं आहे, पण कायद्यामुळे किंवा तशाच मोठ्या अडथळ्यामुळे त्यांना लग्नही करता आलं नाही आणि एकत्र राहताही आलं नाही, अशांसाठी. तिसऱ्या प्रकारात भारतात तुम्हाला लग्न नाकारलं जातं हा अडथळा तुम्ही दाखवू शकता. पण अधिकारी पुढे विचारतात, मग तुम्ही कॅनडात किंवा इतर कुठे जाऊन लग्न का केलं नाही? तुम्हाला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला असेल तर त्याचं पत्र इथे मोलाचं ठरतं. कधी मागितलाच नसेल, तर आधी मागा.

मला पहिला प्रकार तुमच्यासाठी अधिक भक्कम वाटतो. तुम्ही व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करा आणि त्यात स्वच्छ लिहा की जोडीदाराला भेटायला आणि लग्न करायला जातो आहे. पुढेमागे तिथे स्थायिक व्हायची इच्छा असणं हे तात्पुरत्या भेटीच्या आड येत नाही, असं कॅनडाचा कायदाच म्हणतो. मुदत संपल्यावर तुम्ही परत याल, एवढं पटायला हवं. त्यासाठी इथली नोकरी, रजेचं पत्र, घरची जबाबदारी यांचे कागद जोडा. ओंटारियोत लग्नाचा परवाना मिळायला तिथलं रहिवासी असावं लागत नाही, आणि परवाना ९० दिवस चालतो. लग्न झालं की तो तुम्हाला पती म्हणून बोलावण्याचा अर्ज करेल आणि तुमच्या निर्वाहाची तीन वर्षांची हमी देईल.

ऑनलाइन लग्न लावू नका. दोघं एका ठिकाणी हजर नसताना झालेलं लग्न कॅनडा जून २०१५ पासून या कामासाठी मानत नाही. अमेरिकेतल्या युटामध्ये तसं लावून मिळतं म्हणून लोक सांगतात. पैसे जातील आणि तुमच्या अर्जात एक घोळ वाढेल.

घरच्यांबरोबरचे फोटो नाहीत, याची काळजी तुमच्या पत्राच्या सुरातून जाणवते. ते नसले तर कारण लिहून द्या. समलिंगी जोडप्यांना घरी सांगता येत नाही हे तिथल्या अधिकाऱ्यांना माहीत असतं. त्याऐवजी त्याच्या तिन्ही भेटींची तिकिटं, हॉटेलच्या पावत्या, एकमेकांना पाठवलेले पैसे, चार वर्षांतल्या संभाषणांतले निवडक उतारे, विम्यात किंवा बँकेत नामनिर्देशन असेल तर ते. दोन-तीन मित्रमैत्रिणींना तरी ठाऊक असेल, त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. हे सगळं तारखेप्रमाणे लावा.

एका गोष्टीत मात्र मी तुम्हाला कडक शब्दांत सांगणार आहे. भीतीपोटी व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात त्याला "मित्र" लिहायचं आणि वर्षभराने "पती" लिहायचं, असं करू नका. दोन्ही अर्ज एकाच फाइलमध्ये येतात. खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, आणि तुमचं नातं खरं असूनही ते खोटं वाटायला लागतं. याआधी कुठल्याही अर्जात तसं लिहून गेला असेल तर मला त्याची प्रत पाठवा, नव्या अर्जासोबत खुलासा कसा द्यायचा ते आपण बसून लिहू. तुमचं पत्र आणि पत्ता माझ्याखेरीज कुणी पाहिलेला नाही. पासपोर्टची मुदत दीड-दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर त्याचं नूतनीकरण मात्र सगळ्यात आधी उरका.